लाल किल्ला: आठ जणांचा ग्रुप, एक गाईड आणि गायब झालेला राजवाडा

 

मागच्या महिन्यात दिल्लीला गेले होते, तेव्हा लाल किल्ल्यात एका छोट्या ग्रुपबरोबर गाईडेड टूर केली. स्टोरी टाकली आणि धडाधड मेसेज आले. बहुतेकांचा सूर एकच. "लाल किल्ल्यात गाईड कशाला? आत आहे काय बघायला?" हा एपिसोड त्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न अजिबात चुकीचा नाही, हे आधीच सांगते. आत खरंच फार काही उरलेलं नाही. म्हणूनच तिथे गाईड लागतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकू. आपल्याला किल्ला म्हटलं की राजगड, हरिश्चंद्रगड आठवतो. चढण, बुरूज, चोरवाटा, टाक्यातलं पाणी. लाल किल्ला त्या जातीचा नाहीच. तो यमुनेच्या काठावर, सपाट जागेत बांधलेला बादशाही राजवाडा आहे, आणि त्याच्याभोवती सुमारे अडीच किलोमीटर लांबीची तटबंदी आहे. शहाजहानने आग्र्याहून राजधानी दिल्लीला हलवायचं ठरवलं, १६३९ मध्ये पाया घातला आणि १६४८ मध्ये तो इथे राहायला आला. ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो उस्ताद अहमद लाहोरी इथेही प्रमुख होता. तेव्हा लोक याला 'किला-ए-मुबारक' म्हणायचे. 'लाल किल्ला' हे नाव नंतर रुळलं. गंमत म्हणजे आतल्या बऱ्याच इमारती मुळात लाल नव्हत्याच. दिवाण-ए-आम आज लाल दगडाचा उघडा खांबांचा मंडप दिसतो ना, त्याच्यावर एकेकाळी पांढऱ्या चुन्याचा गुळगुळीत गिलावा होता आणि त्यावर सोनेरी नक्षी. म्हणजे आपण जे 'मुघल लाल' समजून फोटो काढतो, तो गिलावा गळून गेल्यानंतरचा रंग आहे.

हे मला आमच्या गाईडने पहिल्या वीस मिनिटांत सांगितलं, आणि मी म्हटलं, पैसे वसूल.

आता ग्रुपबद्दल. आम्ही आठ जण होतो. नाशिकचे एक निवृत्त शिक्षक काका आणि काकू, दिल्लीतल्या कॉलेजची तीन मुलं, चेन्नईचे भाऊबहीण आणि मी. गाईड चाळिशीच्या बाई, त्यांना सगळे 'मॅम' म्हणत होते. हातात माईक नाही, छत्री नाही, झेंडा नाही. फक्त एक लॅमिनेट केलेला जुना नकाशा. १८५७ च्या आधी हा राजवाडा आतून कसा होता याचा. हा नकाशा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आठच जण का, तर लॉजिक साधं आहे. लाल किल्ल्यात गर्दी प्रचंड असते. चाळीस जणांच्या ग्रुपला गाईड एका जागी उभा करतो, ओरडून पाच वाक्यं बोलतो, आणि पुढे. मागच्या वीस जणांना ऐकूच येत नाही, ते सेल्फी काढतात. आठ-दहा जण असले की सगळे अर्धवर्तुळात उभे राहू शकतात, आवाज न चढवता बोलता येतं आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारता येतात. ऑडिओ गाईड वाईट नसतो, पण त्याला उलट प्रश्न करता येत नाही. ते का महत्त्वाचं, हे चांदीच्या छतापाशी कळेल.

तर, आत शिरतो लाहोरी दरवाज्यातून. समोर एक भिंत आडवी येते, वाट वळून जाते. दरवाज्यापुढचा हा आडोसा औरंगजेबाने घातला, शहाजहानने नाही. शहाजहानच्या योजनेत दरवाजा आणि चांदणी चौकाचा रस्ता एका सरळ रेषेत होते. मग लागतो छत्ता चौक, म्हणजे छप्पर असलेला बाजार. आज तिथे बांगड्या, पर्सेस, फ्रिज मॅग्नेट वगैरे. आमच्यातली मुलं म्हणाली, काय हे मार्केट करून ठेवलंय! मॅम म्हणाल्या, ते तेव्हाही मार्केटच होतं. इथे रेशीम, जरीकाम, दागिने विकले जायचे, दरबारी लोक गिऱ्हाईक. भारतात उघड्यावरचे बाजार सगळीकडे होते. असा छताखालचा, दोन मजली बाजार मात्र वेगळी चीज होती.

पुढे नगारखाना. दिवसातून पाच वेळा इथे वाद्यं वाजायची. राजघराण्यातले सोडून बाकी सगळ्यांनी इथे हत्ती-घोड्यावरून उतरायचं आणि पायी आत जायचं. मॅमनी आम्हाला नगारखान्याच्या कमानीतून बाहेर नेलं, पुढे दिवाण-ए-आम दिसत होता, मधे हिरवंगार लॉन. "क्या दिख रहा है?" आम्ही म्हटलं, लॉन. छान आहे. मग त्यांनी तो नकाशा उलगडला.

जिथे लॉन आहे तिथे चारही बाजूंनी कमानींच्या ओवऱ्या असलेलं मोठं अंगण होतं. दिवाण-ए-आमच्या मागे आणखी अंगणं, बागा, जनानखान्याचे महाल, शागिर्दपेशाच्या खोल्या, कारखाने, स्वयंपाकघरं. नकाशावर बोट ठेवत त्या दाखवत गेल्या आणि आम्ही मान वर करून बघत गेलो: गवत, गवत, झाड, बराक, गवत. राजवाड्याचा बहुतांश भाग नाहीच. जे उरलंय ते म्हणजे नगारखाना, दिवाण-ए-आम, आणि अगदी पूर्वेच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या काही संगमरवरी इमारती. आपण तिकीट काढून जी बघतो ती हीच उरलेली किनार.

हे कोणी केलं? काळाने नाही. २० सप्टेंबर १८५७ ला किल्ला इंग्रजांच्या हातात पडला. पुढच्या काही वर्षांत त्यांनी आतल्या इमारती पद्धतशीर पाडल्या आणि सैनिकांसाठी दगडी बराकी बांधल्या. त्या उंच, कोरड्या चेहऱ्याच्या बराकी आजही उभ्या आहेत, चुकवू म्हटलं तरी चुकत नाहीत. यावर सगळ्यात जास्त संतापला तो एक इंग्रजी बोलणाराच माणूस, जेम्स फर्ग्युसन नावाचा स्कॉटिश इतिहासकार. भारतीय वास्तुकलेवरच्या १८७६ च्या पुस्तकात त्याने तक्रार केली की पाडणाऱ्यांनी पाडण्याआधी साधा आराखडासुद्धा काढून ठेवला नाही.

मला इथे जरा थांबावंसं वाटतं. युद्धात इमारत पडते, समजू शकतो. हे युद्ध संपल्यावरचं आहे. राजवाडा राहिला तर बादशाही लोकांच्या डोळ्यांसमोर राहील, म्हणून डोळ्यांसमोरून काढा, असा तो हिशोब होता. लॉन हिरवं आणि शांत दिसतं, त्यामुळे हे जाणवतच नाही. कोणी बोट दाखवल्याशिवाय तर नाहीच नाही.

दिवाण-ए-आमची भिंतही बघण्यासारखी आहे. सिंहासनाच्या सज्जामागे काळ्या दगडात रंगीत दगड बसवून केलेली पक्षी-फुलांची चित्रं आहेत आणि वर एका छोट्या चित्रात ग्रीक पुराणातला ऑर्फियस वाद्य वाजवतोय. मुघल बादशहाच्या डोक्यावर ग्रीक गवई! या जडावातल्या बऱ्याच पाट्या १८५७ नंतर एका इंग्रज अधिकाऱ्याने काढून लंडनला नेल्या, तिथल्या म्युझियमला गेल्या, आणि पुढे लॉर्ड कर्झनच्या खटपटीने परत येऊन बसवल्या गेल्या. हो, तोच बंगालची फाळणी करणारा कर्झन. माणसं एकरंगी नसतात, काय करणार.

मग आम्ही पूर्वेच्या कडेला आलो. रंगमहाल, खासमहाल, दिवाण-ए-खास, हमाम, सगळं एका रेषेत. ती रेषा म्हणजे पाण्याचा पाट. 'नहर-ए-बिहिश्त', स्वर्गाचा ओढा. उत्तरेच्या शाहबुर्जातून पाणी आत यायचं आणि संगमरवरी पाटातून महालामहालांतून वाहत जायचं. रंगमहालात जमिनीवर कोरलेलं संगमरवरी कमळ आहे, त्यात हे पाणी उसळायचं. खासमहालात तराजू कोरलेली संगमरवराची जाळी आहे आणि पाट तिच्या खालून जातो. दिल्लीच्या मे महिन्यात घरातून वाहतं पाणी म्हणजे त्या काळचा एसीच. आज पाट कोरडा आहे. आणि पलीकडे, जिथे तटाला लागून यमुना होती, तिथे रिंगरोड आहे. रेकॉर्डिंगमध्ये मागे हॉर्न ऐकू येतायत ना, ते यमुनेच्या जुन्या पात्रातून येतायत.

आता दिवाण-ए-खास. बादशहाची खाजगी बैठक. मयूर सिंहासन इथलं, जे १७३९ मध्ये नादिरशहाने इराणला नेलं. स्वर्ग पृथ्वीवर असलाच तर इथेच, अशा अर्थाचा तो प्रसिद्ध फारसी शेर इथेच कोरलाय. फोटो सगळे त्याचाच काढतात. मॅम म्हणाल्या, वर बघा. वर लाकडी छत, रंगवलेलं. १९११ च्या दिल्ली दरबारासाठी रंगवलं.

"असली छत चाँदी की थी," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "वो १७६० में मराठों ने उतारी."

नाशिकचे काका एकदम ताठ झाले. "आपल्या लोकांनी?" मराठीतच म्हणाले. मॅमना अर्थ कळला असणार. त्यांनी मान हलवली. त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं कोण कुठून आलंय, म्हणजे आमच्यात तीन मराठी माणसं आहेत हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी ते गिळलं नाही किंवा "कुछ लोग कहते हैं" असं मऊही केलं नाही. मला ते फार आवडलं.

काका म्हणाले, "लहानपणापासून पानिपत ऐकतोय. वर्गात शिकवलंय मी. हे असं छताखाली उभं राहून कधी ऐकलं नव्हतं." काकू म्हणाल्या, "अहो, आपण नसतं काढलं तर अब्दालीनं काढलं असतं." दिल्लीच्या मुलांपैकी एकजण म्हणाला, "आंटी, वो तो हर कोई यही कहता है." सगळे हसले, काकूपण हसल्या. पण प्रश्न हवेत राहिलाच.

तर थोडं नीट सांगते, कारण हे आपण सांगायला हवं. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. बरोबर प्रचंड फौज, त्याहून जास्त बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलं. पुण्याहून इतक्या लांब पैसा पोचत नव्हता, उत्तरेतली वसुली होत नव्हती. भाऊ गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रांवर पत्रं लिहीत होते, पैसा पाठवा, धान्य पाठवा. यमुनेपलीकडे अब्दाली, मधे पावसाळ्यातली फुगलेली नदी. दिल्ली हातात आली पण तिजोरी रिकामी होती, कारण नादिरशहा आणि नंतर खुद्द अब्दाली तिथून आधीच धुऊन घेऊन गेले होते. उरलं होतं ते डोक्यावरचं छत. भाऊंनी ते उतरवलं आणि वितळवून रुपये पाडले, काही लाखांचे. सैन्याचे पगार भागले, तेही थोडे दिवस. याच सुमारास भरतपूरचा सूरजमल जाट भाऊंना सोडून गेला. नाराजीची कारणं अनेक, त्यात हे छत उतरवणंही होतं असं सांगतात. ऑक्टोबरात फौज कुंजपुऱ्याकडे गेली आणि १४ जानेवारी १७६१ ला जे झालं ते आपल्याला माहीत आहे.

म्हणजे लूट की नाईलाज? माझं मत विचाराल तर दोन्ही. उपाशी फौजेचा सेनापती छताकडे बघतो तेव्हा त्याला नक्षी दिसत नाही, पगार दिसतो. आणि तरीही ते छत त्याचं नव्हतं. शेजारच्या रंगमहालाचं चांदीचं छत तर एका मुघल बादशहानेच, फर्रुखसियरने, आपल्या गरजेसाठी उतरवलं होतं, हेही खरं. त्याने आपला हिशोब मिटत नाही, फक्त रांग किती लांब होती ते दिसतं.

पण गोष्ट इथेच संपवली तर तीही अर्धवट. याच दिवाण-ए-खासमध्ये १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने म्हाताऱ्या शाहआलम बादशहाचे डोळे काढले. खजिना कुठे लपवलाय सांग म्हणून. राजघराण्याचे त्या दोन-अडीच महिन्यांत जे हाल झाले ते मी इथे वाचून दाखवणार नाही. त्यातून बादशहाला सोडवलं ते महादजी शिंद्यांच्या फौजेने. गुलाम कादिरला पाठलाग करून पकडलं आणि मारलं. त्यानंतर १८०३ पर्यंत या किल्ल्यात शिंद्यांचा पहारा होता. आंधळ्या बादशहाच्या नावाने कारभार, आणि रखवाली मराठ्यांची. १८०३ च्या सप्टेंबरात पटपडगंजजवळ लढाई झाली, जनरल लेक जिंकला, आणि किल्ल्यात शिरला तेव्हा शाहआलम एका फाटक्या छत्राखाली बसलेला होता.

काका हे ऐकून म्हणाले, "म्हणजे ज्यांनी छत काढलं त्यांनीच पुढे राखण केली." मॅम म्हणाल्या, "पूरे अट्ठाईस साल बाद." त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, टोमणाही नव्हता. फक्त हिशोब.

आता कळलं असेल, मी प्रश्न विचारता येण्यावर एवढी का अडून बसले. ऑडिओ गाईडने "हे छत मराठ्यांनी काढलं" एवढं सांगून पुढचं बटण दाबायला लावलं असतं. काका घुम्यासारखे बाहेर पडले असते, आणि मुलांना शिंद्यांचं नावही कळलं नसतं.

याच मंडपात बहादूरशहा जफरवर १८५८ च्या जानेवारी ते मार्चमध्ये खटला चालला. स्वतःच्या दरबारात आरोपी. मग रंगूनला हद्दपारी, आणि १८६२ मध्ये तिथेच मृत्यू. पलीकडच्या मुसम्मन बुर्जाच्या सज्जातून मुघल बादशहा रोज सकाळी नदीकाठच्या लोकांना दर्शन द्यायचे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुद्दाम तिथेच येऊन उभे राहिले, खाली जमलेल्या लोकांना दर्शन द्यायला. राजवाडा पाडायचा, पण सज्जा वापरायला ठेवायचा, बघा!

बराकींकडे शेवटी आलो. आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लों यांच्यावरचा खटला १९४५ मध्ये याच किल्ल्यात चालला. २०१९ पासून बराकींमध्ये म्युझियम आहेत: नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं, १८५७ चं, जालियनवालाचं. ती चांगली आहेत पण त्यांना वेगळा दिवस द्या. आणि हो, स्वतंत्र भारताचा झेंडा लाल किल्ल्यावर पहिल्यांदा फडकला तो १६ ऑगस्ट १९४७ ला, १५ ला नाही. क्विझमध्ये वापरा, पैज जिंकाल.

आता कामाचं. मेसेजमध्ये सगळ्यांनी विचारलंच आहे.

सोमवारी किल्ला बंद असतो. १५ ऑगस्टच्या आधी काही दिवस तयारीसाठी बंद ठेवतात, तेव्हा बेत आखू नका. तिकीट ऑनलाईन काढा, रांग वाचते. मेट्रोच्या व्हायोलेट लाईनवर 'लाल किला' स्टेशन आहे, बाहेर पडलात की समोरच तट. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दहानंतर ऊन आणि शाळांच्या सहली एकदमच येतात.

गाईड कसा निवडायचा? दरवाज्याशी येऊन मागे लागतात त्यांच्याकडे पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र मागा. असेल तर लगेच दाखवतात. पण माझा सल्ला, आधीच हेरिटेज वॉक बुक करा आणि तीन गोष्टी विचारून घ्या. ग्रुपमध्ये जास्तीत जास्त किती जण? दहाच्या वर असतील तर सोडा. किती वेळ? दोन तासांपेक्षा कमी असेल तर ती धावपळ आहे. आणि फीमध्ये किल्ल्याचं तिकीट धरलंय का, कारण बहुतेक वेळा नसतं आणि मग दरवाज्यावर वाद होतात. भाषा कुठली तेही विचारा. आमची हिंदीत होती, चेन्नईच्या भावाबहिणीसाठी मधे मधे इंग्रजीत.

आणखी एक छोटी परीक्षा माझी स्वतःची. फोनवर बोलताना विचारा, "जे पाडलं गेलं ते पण दाखवाल का?" समोरचा गोंधळला तर दुसरा शोधा. आमच्या मॅमनी उत्तर दिलं होतं, "वही तो ज़्यादा है."

हमामच्या आत सोडत नाहीत, मोती मशिदीतही नाही, त्यामुळे तिथे अडून बसू नका. उलट हयातबख्श बागेत दहा मिनिटं जास्त द्या. तिथे समोरासमोर दोन संगमरवरी मंडप आहेत, नावं सावन आणि भादों, म्हणजे आपले श्रावण-भाद्रपद. पाणी धबधब्यासारखं पडायचं आणि त्या पडद्यामागे भिंतीत छोटे कोनाडे. दिवसा त्यात फुलदाण्या, रात्री दिवे. पाणी आता नाही, पण कोनाडे आहेत. चेन्नईच्या बहिणीने एका कोनाड्यात फोनचा टॉर्च धरला, आणि आम्ही सगळे क्षणभर गप्प झालो.

आग्र्याच्या किल्ल्यावर एपिसोड करा, १६६६ च्या दरबारापासून सुरू करा, असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. करते. तिकडे अजून बरंच काही उभं आहे, पण काही भाग आजही सैन्याच्या ताब्यात आहे, तर नीट चौकशी करून मगच जाईन. तुमच्यापैकी कोणी अलीकडे छोट्या ग्रुपबरोबर तिथे फिरलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, एपिसोडमध्ये घेऊ. भेटू पुढच्या शुक्रवारी.